लाल दिव्याखालचा दोर

दोरासाठी सूत वळणारा माणूस उलटा चालतो. कमरेला तागाचे तंतू गुंडाळलेले असतात, समोर चाक फिरत असतं आणि आपण बोटांतून सूत सोडत एकेक पाऊल मागे जायचं. आमच्या स्कार्वी गावच्या दोरखान्याची पडवी पावणेदोनशे पावलं लांब आहे. एकदा सूत धरलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं की पीळ बिघडतो.

१९४४ सालच्या नोव्हेंबरची सोळा तारीख होती. मी साठाव्या पावलावर असताना पोस्टातली एफी बेन दारातून आत आली. तिच्या हातात तार होती. ती माझ्यासमोर आली आणि माझ्याबरोबर चालू लागली. ती सरळ, मी उलटा.

"थांब ना रे हेक्टर."

"सूत तुटेल."

"तुटू दे."

मी थांबलो नाही. एफी एरवी तारा खिडकीतून भिरकावते आणि पुढे जाते. ही तिने दोन्ही हातांनी धरली होती. शंभरएक पावलं मी त्या कागदापासून मागे मागे सरकत राहिलो. मग पाठीला भिंत लागली. मी सूत आकड्याला अडकवलं आणि तार घेतली.

माझी बायको मिना बेपत्ता होती.

मिना हवाई दलात जखमींची देखभाल करायची. बेटांवरच्या इस्पितळातून जखमी खलाशांना इकडे आणणाऱ्या विमानात तिचं काम असे. चौदा तारखेला दुपारी विमान निघालं. आत पाच जखमी, विमान चालवणारे तिघे आणि मिना. वाटेत हवा बिघडली. 'परत फिरतोय,' एवढा निरोप वायरलेसवर आला आणि पुढे काहीच नाही. चार दिवस शोध झाला. पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा दिसला नाही.

तारेत 'मृत' असं लिहिलं नव्हतं, 'बेपत्ता' असं होतं. या शब्दात एक फट असते आणि तिच्यातून माणूस आत शिरू शकतो. आमच्या घरात त्या फटीतून मिसेस व्हेनिंग शिरल्या.

त्या जानेवारीच्या अखेरीला दक्षिणेकडून आल्या आणि माझ्या सासूबाई बेसी यांच्या घरी उतरल्या. मृतांशी आणि बेपत्तांशी बोलण्याचं त्यांना वरदान होतं म्हणे. फेब्रुवारी लागला तसं सासूबाईंच्या जाळी ठेवायच्या माडीवर पाय ठेवायला जागा उरेना. गावातल्या दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी युद्धावर होतं, कोणीतरी समुद्राखाली. येणारा रिकाम्या हाताने येत नसे. रेशनमधली अंडी, लोणी, कपड्यांची कुपनं, जपून ठेवलेली व्हिस्की, सगळं त्या माडीचा जिना चढायचं.

खिडक्यांना काळे पडदे. दिवा एकच, तोही सासूबाईंचा मुलगा मॅग्नस याच्या मासेमारीच्या बोटीवरचा, डाव्या बाजूला लावतात तो लाल काचेचा. मिसेस व्हेनिंग खोल आवाजात सांगायच्या, "माझ्या लाडक्यांनो, पांढरा प्रकाश आत्म्यांना भाजतो. हात सोडू नका. पाय हलवू नका, पायांतून लहरी गळतात. खोकू नका, मध्येच प्रश्न विचारू नका, आणि मनात संशय आणू नका. संशयाने पडदा जाड होतो." एवढे नियम तर हवाई दलातही नसतील.

मग लाल दिवासुद्धा मालवला जाई. काळोखात चमकता पट्टा ओढलेला एक पत्र्याचा कर्णा हवेत तरंगू लागे आणि त्यातून कॅप्टन थॉर्न बोलू लागे. हा थॉर्न शंभर वर्षांपूर्वी बुडालेला कप्तान.

मॅग्नसच्या बोटीवरचा म्हातारा खलाशी डॉड एकदा त्याला म्हणाला, "कप्तानसाहेब, आज तुमच्याकडे वारा कुठला?"

कर्णा जरा थांबला. "थंड वारा आहे, मुला."

"थंड ते कळलं हो. कुठला?"

"समोरून येतोय."

डॉड माझ्या कानात पुटपुटला, "तीस वर्षं जहाज हाकलं आणि वाऱ्याला नाव नाही. याला बुडायला शंभर वर्षांपूर्वी वादळ कशाला लागलं? बादलीतही बुडाला असता."

लोक हसत, पण उठून कोणी जात नसे. मीही गेलो नाही. कारण तिसऱ्या बैठकीला थॉर्न म्हणाला, "मिना जिवंत आहे."

हेल्सा बेटावर, तो म्हणाला. मेंढपाळांच्या पडक्या झोपडीत. तिचा पाय मोडलाय. तिच्याबरोबर आणखी दोघं आहेत. धुक्यामुळे ती शोधणाऱ्या विमानांना दिसली नाहीत.

हेल्सा आमच्यापासून समुद्रात चाळीस मैल आत आहे. उन्हाळ्यात तिथे मेंढ्या सोडतात. हिवाळ्यात तिकडे कोणी जात नाही, कारण बोट लावायला जागाच नाही. तिथे तीन महिने कोणी जगलं असेल हे माझ्या डोक्याला पटत नव्हतं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी मिनाचे लोकरीचे मोजे शेगडीजवळ उबेला ठेवले. तिचे बाकीचे कपडे मी बोचक्यात बांधून सासूबाईंना दिले होते, त्यांनी मागितले म्हणून. एक जोड मागे राहिला होता. उपडे करून ठेवले, सुलटे केले, पुन्हा उपडे केले.

सासूबाईंनी मात्र थेट मॅग्नसलाच धरलं. "तुझी बहीण तिथे मोडक्या पायाने पडलीय आणि तू इथे जाळी शिवतोस?"

मॅग्नस घाबरणारा नव्हता, पण मूर्खही नव्हता. तो म्हणाला, "आई, फेब्रुवारीत हेल्सा म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मला काहीतरी खूण दे. तोंडचे शब्द नकोत, हातात धरता येईल अशी वस्तू दे. मग जातो."

खूण देण्याचा दिवस ठरला शनिवार, दहा फेब्रुवारी, सकाळी अकरा. त्या दिवशी भरती दीड वाजता होती. ओहोटीला आमच्या बंदरात चिखल उरतो आणि बोट हलत नाही. रविवारी तर आमच्याकडे कोणीच बोट काढत नाही. म्हणजे जायचं तर दीडला, नाहीतर सोमवारी. डॉडने बोटीत पाणी आणि ओटच्या भाकऱ्या आधीच भरल्या होत्या. मी त्याला विचारलं, "तुझा विश्वास आहे?"

"माझा विश्वास बॅरोमीटरवर आहे," डॉड म्हणाला. "काटा सकाळपासून उतरतोय."

"मग जातोस कशाला?"

"मॅग्नस एकटा जाईल म्हणून."

त्या सकाळी माडीवर शाळेच्या मुख्याध्यापिका मिस टुलॉकही आल्या होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, मलाही. त्या भिंतीशी ताठ बसल्या आणि कोणी न विचारता म्हणाल्या, "मी बघायला आलेय. बघू देणार असाल तर."

मिसेस व्हेनिंग गोड हसल्या. "बघण्यापेक्षा जाणवणं मोठं असतं, बाई."

"शाळेत असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते," मिस टुलॉक म्हणाल्या.

दिवा मालवला. कर्णा तरंगला. सासूबाईंनी काळोखात आक्रोश केला, "कप्तान, माझ्या लेकीची खूण दे!"

मग टेबलावर काहीतरी ओलं थपकन पडलं. माझ्या हातावर गार पाण्याचे शिंतोडे उडाले. बायका किंचाळल्या. मिसेस व्हेनिंग क्षीण आवाजात म्हणाल्या, "दिवा... लाल दिवा लावा."

टेबलावर वीतभर लांबीचा दोराचा तुकडा पडला होता. त्यातून पाणी निथळत होतं.

विमानातले स्ट्रेचर बांधायचे दोर आमच्याच दोरखान्यातले असायचे. मिनाने एका पत्रात लिहिलं होतं, 'तुझे दोर माझ्या जखमींना धरून ठेवतात.' ते पत्र सासूबाईंनी माडीवर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणून कोणी काही बोलायच्या आत त्यांनी तो तुकडा उचलला आणि नखांनी पीळ उलगडला. आमच्या दोराच्या पोटात एक निळा धागा घातलेला असतो. दोर चोरीला गेला तर कुठला ते कळावं म्हणून. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई तर लग्नाआधी दोन वर्षं दोरखान्यात कामाला होत्या.

तागाच्या मधोमध एक गडद धागा दिसला.

"निळा!" त्या ओरडल्या. "आपला निळा! माझ्या मिनाने पाठवला!"

सगळी माडी उभी राहिली. कोणी रडत होतं, कोणी स्तोत्र म्हणू लागलं. मॅग्नस उठला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, निर्धार होता. "डॉड, इंजिन सुरू कर." आणि तो जिन्याकडे निघाला.

मी सासूबाईंच्या हातातून दोर घेतला. दोरखान्याचा एक शिरस्ता आहे: दिव्याच्या उजेडात दोर पारखायचा नाही, उत्तरेकडच्या खिडकीत न्यायचा. माझ्या बापाने मला हे इतक्या वेळा कानफटीत देऊन शिकवलंय की दोर हातात आला की पाय आपोआप खिडकीकडे वळतात. मी संशयाने गेलो नाही, हे इथे लिहून ठेवतो. मला तो निळा रंग डोळे भरून बघायचा होता. कदाचित तिच्या हातांनी धरलेला.

"पडदा नको!" मिसेस व्हेनिंग ओरडल्या. तोवर मी तो ओढला होता.

धागा हिरवा होता.

मी तो दोर तसाच धरून उभा राहिलो. खाली बंदरात इंजिन ठोके देऊ लागलं होतं. समुद्र शिशासारखा दिसत होता आणि धक्क्याच्या टोकावर लाटा आत्ताच फुटत होत्या. एक गोष्ट लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, बोलूच नये. माझ्या पाठीमागे मिना जिवंत होती. सगळी माडी तिला जिवंत समजत होती. मी तोंड उघडलं की ती मरणार होती.

जिन्यावर मॅग्नसचे बूट वाजले.

"मॅग्नस," मी म्हणालो, "थांब. हा धागा हिरवा आहे."

"मग?"

"आम्ही हिरवा घालायला लागलो पाच जानेवारीला. निळा रंग मिळेनासा झाला म्हणून. पहिला हिरवा धागा मी स्वतः घातलाय. मिनाचं विमान नोव्हेंबरात गेलं."

मिसेस व्हेनिंग हळूच हसल्या. "अहो, तीन महिने खाऱ्या पाण्यात राहिलाय तो. समुद्राने निळ्याचा हिरवा केला. समुद्र स्वतःच हिरवा नाही का?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी माझ्या हातातून दोर हिसकावला. "ऐकलंस? ऐकलंस ना? तुला ती नकोच आहे परत!"

मिस टुलॉक टेबलाशी आल्या. त्यांनी शेजारच्या बाईच्या डोक्याचा निळा रुमाल आणि दुसरीचा हिरवा मोजा मागितला, पुन्हा पडदा लावला आणि दोन्ही लाल दिव्यापुढे धरले. दोन्ही सारखेच काळे दिसत होते. "आता सांगा, यातला निळा कुठला? बेसी, तू खोटं बोलली नाहीस. लाल उजेडात निळा आणि हिरवा ओळखता येत नाही. तुला काळा दिसला आणि तू निळा वाचलास."

"पण समुद्राने रंग बदलला असेल तर?" मॅग्नस म्हणाला. तो अजून जिन्यातच होता. मग माझ्याकडे बघून, फार हळू: "दाजी, हे तुझं चुकलं आणि ती तिथे असली, तर?"

दोन जीव त्या बोटीत जाणार होते आणि माझ्याकडे फक्त एक रंग होता. मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. हिरव्या धाग्याचा दोर दोरखान्यातून बाहेर गेला तो थेट आरमाराच्या गोदामात. गावात कोणाकडे नाही. मग हा आला कुठून?

आणि मला आठवलं. मिनाच्या कपड्यांचं बोचकं. ते मी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बांधलं होतं, दोरखान्यातल्या उरलेल्या तुकड्याने.

"आई, मिनाचं बोचकं कुठाय?"

सासूबाईंनी हातातला दोर टेबलावर टाकला आणि तोंड फिरवलं. एफी बेन म्हणाली, "बाईंच्या खोलीत. लहरी घ्यायला उशाशी ठेवलंय."

मिसेस व्हेनिंग उठायला लागल्या. मिस टुलॉक म्हणाल्या, "बसा. हात सोडायचे नसतात."

मी खाली गेलो आणि बोचकं घेऊन आलो. मी मारलेली गाठ दोरवाल्याची होती, जिचा ताण वाढला की ती घट्ट होते. आता तिथे दुकानातल्या पुड्याला मारतात तसली गाठ होती आणि दोर वीतभर आखूड झाला होता. मी पडदा पुन्हा उघडला आणि दोराचं कापलेलं टोक आणि तो ओला तुकडा खिडकीच्या फळीवर समोरासमोर ठेवले. तीन पेड या बाजूला, तीन त्या बाजूला. कात्रीने तिरके कापलेले. एक पेड दुसऱ्याहून थोडा लांब राहिला होता, तर समोरचा तेवढाच आखूड. दोन्हींच्या पोटात हिरवा धागा.

मॅग्नस वर आला. त्याने वाकून बघितलं. दोनदा बघितलं.

डॉड इंजिन सोडून आला होता. त्याने ओल्या तुकड्याला जीभ लावली, तोंड वाकडं केलं. "चाळीस वर्षं समुद्र पितोय मी. समुद्राला खारटाखाली कडू चव असते. हे बटाटे उकडलेलं पाणी आहे."

कोणीतरी हसलं. मिस टुलॉकनी मिसेस व्हेनिंगच्या खुर्चीवरची शाल उचलली. तिच्याखाली रबराची ओली पिशवी होती आणि छत्रीच्या दांड्यासारखी एकात एक शिरणारी काळी काठी. काठीच्या टोकाला कर्णा बसेल असा आकडा होता. कॅप्टन थॉर्न शंभर वर्षं ज्यात राहत होता ते घर एवढंच.

मिसेस व्हेनिंगचा आवाज एकदम साधा झाला. "मी कोणाला बोट काढायला सांगितलं नव्हतं. या बाईंना झोप येत नव्हती. मी दिलासा दिला. त्यांनीच खूण मागितली."

"आणि हे दोघं बुडाले असते तर?" मी विचारलं. "मग त्यांच्याशीही बोलला असतात?"



दीडची भरती आली आणि गेली. मॅग्नस धक्क्यावर बसून होता. चार वाजता वादळ आलं आणि धक्क्याच्या टोकाचे दोन मोठे दगड उचलून बंदरात फेकून गेलं. ते दगड हलवायला नंतर सहा माणसं लागली.

त्यानंतर सासूबाई त्या दिवशी मला एकच वाक्य बोलल्या. "तू खिडकी का उघडलीस?"

मे महिन्यात आरमाराची एक बोट हेल्साला जाऊन आली. झोपडीत राख नव्हती, चिंधी नव्हती, माणसाची कसलीच खूण नव्हती. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या बेटावर असेल." सुंभ जळला तरी पीळ राहतो. मी त्यांना दोष देत नाही. मीही मोजे उबेला ठेवले होते.

पण जे मला कळलं ते सांगतो. दुःखात माणूस मूर्ख होत नाही, त्याला फक्त घाई होते. त्या घाईवर कोणीतरी पोट भरतं. मिसेस व्हेनिंगना आमच्याबद्दल जे काही माहीत होतं ते आम्हीच सांगितलेलं होतं, आमच्याच पत्रांतून, आमच्याच स्वयंपाकघरात. आमचीच पत्रं, आमचाच दिवा, आमचाच दोर आणि आमच्याच चुलीवरचं पाणी. त्यांची स्वतःची फक्त कात्री होती. म्हणून कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा: ती वस्तू हातात घ्या आणि खिडकीपाशी जा. खरी असेल तर उजेडात ती आणखी खरी दिसेल. जो खिडकी उघडू देत नाही, त्याच्यावर आपली माणसं सोपवू नका. जिवंत तर नाहीच, मेलेलीही नाही.

मिसेस व्हेनिंग सोमवारच्या बसने गेल्या. विमानातल्या बाकी आठ जणांच्या घरचे पत्ते सासूबाईंनी त्यांना कधीच देऊन टाकले होते. ते कळल्यावर मी त्या घरांना पत्रं लिहायला बसलो. मी कधी फारसं लिहिलेलं नाही; एकेका पत्राला आठवडा लागला. सात झाली. आठवं वायरलेसवाल्या तरुणाच्या आईला लिहायचं आहे. पण त्याआधी तिचंच पत्र मला आलं. तिने लिहिलंय की कॅप्टन थॉर्नने तिला शुभवार्ता दिली. तिचा मुलगा एका बेटावर सुखरूप आहे, मिना नावाची मोडक्या पायाची एक मुलगी त्याची काळजी घेते, आणि त्याबद्दल ती माझे आभार मानते.

ते पत्र टेबलावर आहे. त्याला उत्तर लिहायचं राहिलं आहे.